नवीन शास्त्रीय रेकॉर्डिंग लावलं की मी आधी तंबोरा ऐकते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की ख्यालाची नवीन रेकॉर्डिंग्ज सतत येत असतात, सगळीच स्वच्छ आणि सुरेल वाटतात, मग चांगलं कुठलं हे ओळखायचं कसं, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात नव्यात काही राम नाही ते खरं का. शिवाय दोन नवे यमन ऐकलेत, एक ९ मिनिटांचा जो लगेच आवडला आणि एक ४० मिनिटांचा जो १० मिनिटांतच बंद केला, तर कान तुमचा कमी पडला की गाणं. मी १२ वर्षं गाणं शिकले आणि त्यानंतर २२ वर्षं रेकॉर्डिंग आणि एडिटिंग करतेय, त्यामुळे हे गाणं काचेच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय. यमनावर शेवटी येते, आधी बाकीचं सांगते, जरा लांबेल.

पहिली गोष्ट, गाणं आणि रेकॉर्डिंग हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि ते दोन वेगळ्या वेळी ऐकायचे. सुंदर गाणं वाईट रेकॉर्ड झालेलं असतं आणि अगदी सुमार गाणं झकास रेकॉर्ड झालेलं असतं, आणि हल्ली दुसरा प्रकार जास्त फसवतो कारण पहिल्या ऐकण्यात कानाला जे "छान" वाटतं ते बऱ्याचदा इंजिनिअरचं काम असतं. माझ्यासारख्या माणसाचं काम. आवाजाला थोडी झळाळी दिली, खालचा भाग भरीव केला, घुमारा टाकला की कुणाचाही षड्ज भारदस्त वाटतो. म्हणून तुम्हाला पडलेला प्रश्न मी जरा फिरवून घेते, हे रेकॉर्डिंग मला गाणाऱ्याने केलेलं काहीतरी ऐकू देतंय की त्यावर पांघरूण घालतंय?

आणि हे कळायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे तंबोरा. गाणं सुरू व्हायच्या आधीची १५-२० सेकंदं लोक पुढे ढकलतात, मी तीच दोनदा ऐकते. खरे तंबोरे असतील, तेही जोडी, तर प्रत्येक फेरा थोडा वेगळा येतो, बोट कधी जरा लवकर पडतं कधी उशिरा, आणि जवारी (घोडीवरून तारेला येणारी झणकार) नीट लागलेली असेल तर खर्जाच्या म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाच्या तारेतून गंधार निघतो, कुणी न छेडलेला. त्यात जादू काही नाही, तारेचा पाचवा उपस्वर दोन सप्तकं वर जाऊन शुद्ध गंधारावर पडतो म्हणून तो ऐकू येतो, पण गायक त्या गंधाराशी स्वतःचा गंधार जुळवत असतो त्यामुळे तो रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येणं ही चैन नाही, गरज आहे. अॅपचा तंबोरा असेल तर दर काही सेकंदांनी तीच झणकार जशीच्या तशी परत येते, एकदा लक्षात आलं की मग ते कानातून जात नाही. अॅप वापरलं म्हणून रेकॉर्डिंग टाकाऊ असं मी अजिबात म्हणत नाही, रियाजाला आम्ही सगळेच वापरतो. पण तंबोरा इतका मागे ढकललाय की सूर कशाच्या आधाराने लागतोय तेच कळत नाही, असं असेल तर बनवणाऱ्यांनी तंबोऱ्याला पडद्यासारखं वागवलंय आणि मग पुढे काय काय केलं असेल याचा अंदाज यायला लागतो. अजून एक, तंबोरा रागाप्रमाणे लावलाय का बघा. मालकंसात पंचम वर्ज्य, तिथे पहिली तार मध्यमात हवी, मारवा-पूरियात निषाद वगैरे. मालकंस चालू आहे आणि मागे पंचम वाजतोय असं छापून आलेलं रेकॉर्डिंग मी स्वतः ऐकलंय. एवढ्या साध्या गोष्टीकडे एवढ्या सगळ्यांपैकी एकाचंही लक्ष गेलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता सुरांची दुरुस्ती, ज्यावर कुणी उघड बोलत नाही. ऑटोट्यून १९९७ साली बाजारात आलं आणि आज असं एखादं सॉफ्टवेअर जवळजवळ प्रत्येक स्टुडिओत असतं. सिनेमाच्या गाण्यात ते वापरतात हे सगळ्यांना माहीत आहे, ख्यालातही वापरलं जातं, कमी प्रमाणात आणि सफाईने, पण वापरलं जातं. अडचण अशी की ही सॉफ्टवेअर्स मुळात पेटीच्या म्हणजे समान अंतराच्या बारा स्वरांवर बेतलेली असतात. तंबोऱ्यातून निघणारा शुद्ध गंधार हा पेटीच्या गंधारापेक्षा किंचित खाली असतो, अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर साधारण १४ भाग खाली. कानाला हे १४ भाग म्हणजे गंधार तंबोऱ्यात विरघळण्यातला आणि तंबोऱ्यावर घासण्यातला फरक. (१९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीन दशकं टिकली, त्यात बाकीचे वादही होते पण पेटीचे स्वर ठरीव, त्यातून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) निघत नाही हा आक्षेप महत्त्वाचा होता. पेटीवाल्यांनी नंतर साथ इतकी सुंदर करून दाखवली की तो वाद मागे पडला, पण आक्षेपातला मुद्दा सॉफ्टवेअरला आज तंतोतंत लागू पडतो.)

मग ओळखायचं कसं? सरळ लावलेल्या सुरावर ओळखू येत नाही, मींडेवर येतं. वरून खाली येताना आवाज घरंगळत यायला हवा तो पायऱ्या उतरल्यासारखा येतो. कण स्वर, म्हणजे मुख्य स्वराला निसटते लागणारे शेजारचे स्वर, पुसट होतात. दरबारी रागाचा गंधार डुलत नाही, नुसता थरथरतो. एकच सूर दहा वेळा लावला तर माणसाच्या गळ्यातून तो दहा वेळा जरासा निराळा येतो, कधी खालून घेतलेला, कधी अलगद ठेवलेला, कधी श्वास संपत आल्याने किंचित ढिला, आणि तो दहाही वेळा एकाच मापाचा आला तर मला शंका येते. तबला आणि गाणं एकाच खोलीत झालं असेल तर गायकाच्या माईकमध्ये तबला शिरलेला असतो, मग सूर ओढला की तबल्याची शेपटीपण ओढली जाते आणि चाटेचा म्हणजे तबल्याच्या कडेचा आवाज मधूनच वाकडा होतो, हेडफोनवर हे नीट ऐकू येतं.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगत नाहीये. सुरुवातीच्या वर्षांत एका ज्येष्ठ गायकांची तोडी माझ्याकडे एडिटिंगला आली होती आणि त्यांचा गंधार मला दोन ठिकाणी "खाली" वाटला, स्क्रीनवर तर खाली दिसतच होता, म्हणून मी तो न विचारता वर उचलला. त्यांनी ऐकलं, थांबवलं, आणि म्हणाले बाळ, हा गंधार माझा नाही. रागावले नाहीत, तंबोरा मागवला आणि मला तोडीचा गंधार कुठे असतो ते अर्धा तास दाखवत बसले, पेटीच्या पट्टीपेक्षा स्पष्ट खाली, अतिकोमल, आणि तिथेच त्या रागाचं कारुण्य. मी ते दोन्ही सूर परत होते तसे केले. त्या दिवसानंतर मी स्क्रीनकडे बघून सूर ठरवलेला नाही.

लयीसाठी एक सोपी युक्ती देते, मोबाईलचं स्टॉपवॉच पुरेसं आहे. विलंबित (संथ) एकतालाचं सुरुवातीचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा पूर्ण फेरा, समेपासून (तालाच्या पहिल्या मात्रेपासून) समेपर्यंत मोजा, अगदी ठाय लयीत असेल तर ५०-६० सेकंदंसुद्धा लागतात, आणि मग १५ मिनिटांनंतरचं एक मोजा. माणसं एकत्र बसून वाजवत असतील तर लय थोडीशी तरी चढलेली असते, दोन-चार सेकंदं कमी भरतात, गाणं तापतं तशी. अगदी तेवढंच भरलं, परत मोजलं तरी तेवढंच, तर कानात क्लिक म्हणजे ठरावीक वेगाची टिकटिक लावून गायलंय किंवा तबला नंतर वेगळा वाजवून चिकटवलाय. हे पाप आहे असं नाही, कधी कधी साथीदार आणि गायक वेगवेगळ्या गावी असतात आणि दुसरा इलाजच नसतो. पण ऐकताना त्याचा परिणाम तपासा. गायक मुखडा (बंदिशीची समेवर येणारी सुरुवातीची ओळ) जरा आडवा घेऊन समेवर येतोय, तेव्हा तबलजीला ते आधी कळलंय का, ठेका जरा भरतोय का, समेचा धा जरा वजनाने पडतोय का? की गायक कसाही आला तरी ठेका आपला तसाच? ख्यालातली निम्मी मजा या दोघांच्या संभाषणात आहे आणि ते तुकडे जोडून आणता येत नाही, मी प्रयत्न करून बघितलाय, खूप वेळा.

आवाजाच्या पातळीबद्दल थोडक्यात. दोन रेकॉर्डिंगची तुलना करताना दोन्हीचा व्हॉल्यूम कानाने सारखा करून घ्या, नाहीतर जे जरा मोठं वाजतं तेच जास्त चांगलं वाटतं, हा कानाचा स्वभाव आहे, माझ्याही. बऱ्याच नव्या रेकॉर्डिंगमध्ये सगळं दाबून एका उंचीवर आणलेलं असतं. आलापातला पहिला हलका षड्ज आणि द्रुतातली शेवटची तान एकाच जोराने कानावर येत असतील तर समजा की दाबलंय. आणखी पक्की खूण म्हणजे गायक श्वासाला थांबला की मागचा तंबोरा एकदम फुगून वर येतो आणि गाणं सुरू झालं की परत खाली बसतो. हे दाबणं इतकं कशासाठी करतात मला खरंच समजत नाही, कारण मोठी स्ट्रीमिंग अॅप्स स्वतःच सगळ्यांचा आवाज साधारण एका पातळीवर आणून ठेवतात, म्हणजे जोर वाढवून हाती काहीच लागत नाही आणि गाण्यातला चढउतार मात्र गेलेला असतो. घुमाऱ्याचं पण तसंच, थोडा असेल तर आवाजाला जागा मिळते, जास्त झाला की तानेचे दाणे एकमेकांत कालवले जातात आणि ऐकणाऱ्याला वाटतं तान काय सुंदर वाहतेय, ती वाहत नसते, पुसली गेलेली असते. तबला एका खोलीत आणि गायक देवळात असं वाटत असेल तर तेही मिक्सिंगचं काम.

आता "जुनं ते सोनं". मी जुन्या रेकॉर्डिंगवर अतोनात प्रेम करणारी बाई आहे, पण तुलना करताना जुन्याला पण तीच शिस्त लावा. १९०२ मध्ये गौहरजानने कलकत्त्यात भोंग्यासमोर गायलं तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम ३ मिनिटं मावायची, आणि विजेचे माईक १९२५ नंतर यायला लागले, त्याआधी गायकाला भोंग्यात तोंड घालून जोरात गावं लागायचं. म्हणजे त्या रेकॉर्डवर जो दणकट आवाज ऐकू येतो तो त्या गायकाचा मैफलीतला आवाज असेलच असं नाही. दुसरं, तबकडीवर मिनिटाला ७८ फेरे लिहिलेलं असलं तरी मशीन त्या काळी नेमकं तेवढंच फिरायचं असं नाही. समजा ७४ फेऱ्यांनी घेतलेली तबकडी आज ७८ ने फिरवून डिजिटल केली, तर पट्टी जवळपास पूर्ण अर्ध्या स्वराने चढते, लय वाढते, आवाज बारीक होतो, आणि मग आपण म्हणतो बघा पूर्वीचे लोक काय तयारीने गायचे. तयारी होतीच हो, पण त्यातली थोडी त्या मशीनची पण असू शकते.

पण त्या ३ मिनिटांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे आणि ती नव्या रेकॉर्डिंगला थेट लावता येते. ज्यांनी त्या मापात गायलं त्यांनी चीज (बंदिश) त्या मापासाठी घडवली. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून अंतराळात गेली, ती साडेतीन मिनिटांचीच आहे, आणि त्यात काही कापल्यासारखं वाटत नाही, सुरुवात आहे, भराव आहे, शेवट आहे. पुढे एलपी (जास्त वेळ वाजणारी तबकडी) आली, एका बाजूला २०-२५ मिनिटं मिळाली, अमीर खाँसाहेबांचा मारवा त्या मापात बसलाय आणि तरीही त्यात घाई नाही. आज मापच उरलेलं नाही, ६ मिनिटांचं टाका नाहीतर ७० मिनिटांचं. म्हणून छोटं नवं रेकॉर्डिंग ऐकताना मी विचारते की हे ६ मिनिटांसाठी घडवलंय की २५ मिनिटांचं कापून ६ केलंय. कापलेलं असेल तर अस्ताई (बंदिशीचा पहिला भाग) एकदाच येते, अंतरा (दुसरा भाग) एकदम उगवतो, आणि तान अशी येते की ती जिच्यातून जन्मायला हवी होती ती बढतच, म्हणजे रागाची हळूहळू उलगड, झालेली नसते.

जुन्या मैफलींच्या टेप्स हल्ली नव्याने बाहेर येतात त्यांच्याबद्दल एवढंच, की खरखर काढण्याचा अतिरेक झालाय का बघा. खरखर काढताना तंबोरा, श्वास आणि तोंडातले "स", "ह" हेच आधी जातात कारण मशीनला ते खरखरीसारखेच वाटतात, आणि मग गायक पाण्याखाली बसून गातोय असं वाटतं. थोडी खरखर राहू द्यावी, कान ती ५ मिनिटांत विसरतो, गेलेला श्वास परत आणता येत नाही. आणि साथीदारांची नावं दिलीत का तेही बघा, तबला कुणाचा, पेटी किंवा सारंगी कुणाची, तंबोऱ्यावर कोण. ज्यांनी ती शोधायची तसदी घेतली त्यांनी बहुतेक टेपचीही काळजी घेतलेली असते, हा माझा अनुभव.

हे सगळं झालं की मग गाणं, आणि इथे जास्त वेळ द्या. सूर बरोबर लागणं ही फक्त दारातून आत यायची परवानगी आहे. भूप आणि देसकार घ्या, दोन्हींत तेच पाच स्वर, सा रे ग प ध, तरी भूपात गंधार घर आहे आणि देसकारात धैवत. एखादं रेकॉर्डिंग पाचही स्वर काटेकोर सुरात लावून भूपाचा देसकार करू शकतं आणि कुठलंही मशीन ते पकडणार नाही, ते तुमच्या कानानेच पकडायचं, गायक थांबतो कुठे, श्वास कुठे घेतो, कुठल्या स्वरावरून परत फिरतो. किशोरीताई आमोणकरांचा भूप शेजारी ठेवून एखादा नवा भूप ऐका, स्पर्धा म्हणून नाही, फक्त गंधारावर येणं आणि गंधार सोडणं एवढंच ऐका. नव्या गायकाने ताईंसारखंच केलं असेल तर मला ते तितकंसं मोलाचं वाटत नाही, वेगळं केलं असेल आणि तरी तो भूपच राहिला असेल तर मी तिथे थांबते. एक पथ्य मी स्वतः पाळते, त्याच रागाची तीन रेकॉर्डिंग्ज ऐकते, शक्यतो तीच बंदिश, एक जुनं आणि दोन नवी, आणि मत तिसऱ्या ऐकण्याआधी बनवत नाही. पहिल्यांदा आवाज आवडतो, दुसऱ्यांदा तयारी दिसते, विचार तिसऱ्यांदा ऐकू यायला लागतो. तानांचा वेग मी सगळ्यात शेवटी बघते. प्रत्येक आवर्तनात काही नवीन मांडलंय का, मुखड्याकडे येण्याच्या वाटा वेगळ्या आहेत का, बंदिशीचे शब्द कळतायत का आणि ते तोडलेत कुठे, हे आधी.

आणि चुका. एखाद्या रेकॉर्डिंगमध्ये गायकाने एखादी अवघड जागा घ्यायचा प्रयत्न केला, ती निम्मी साधली, आणि पुढच्या आवर्तनात परत घेऊन पूर्ण केली, असं ऐकू आलं तर मी ते रेकॉर्डिंग जपून ठेवते. एडिटर म्हणून माझा हात त्या पहिल्या प्रयत्नाकडे जातो, कापावासा वाटतो, आणि हल्ली मी गायकांना विनवते की हे राहू द्या, कारण ऐकणाऱ्याला दुसरी जागा इतकी सुंदर वाटते ती पहिलीमुळेच.

आता तुमचे दोन यमन. ती रेकॉर्डिंग्ज कुणाची ते मला माहीत नाही त्यामुळे निकाल देत नाही, पण ९ मिनिटांचा परत ऐकताना व्हॉल्यूम थोडा कमी करा आणि बघा तो तेवढाच आवडतो का. आवडला तर उत्तमच, छोटं म्हणजे हलकं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि ४० मिनिटांचा जो तुम्ही १० मिनिटांत बंद केलात, तिथे बहुतेक गायक अजून मंद्रात (खालच्या सप्तकात) आणि षड्जाच्या आसपास असेल, निषाद रिषभ करत गंधाराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरत असेल. यमनाचा वादी म्हणजे मुख्य स्वर गंधार आहे आणि विलंबितात तो इतका लांबवतात ते मुद्दाम, तुम्ही नेमके त्याच्या आधी उठलात. तेव्हा रात्री, हेडफोन लावून, मोबाईल उलटा ठेवून सुरुवातीपासून लावा आणि बाकी काहीच तपासू नका, फक्त पहिल्यांदा गंधारावर पूर्ण ठाण मांडलं ते मिनिट कितवं हे लिहून ठेवा आणि त्या क्षणी मागे तंबोऱ्यातला गंधार ऐकू येतोय का ते ऐका. मग मला कळवा, त्या मिनिटापासून पुढचं आपण एकत्र बघू.